दफनभूमीतलं चॅपल, जांभ्याचे चिरे आणि पश्चिमेचा पाऊस

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

जुन्या इंग्रजी दफनभूमींतल्या लहान प्रार्थनागृहांविषयी, म्हणजे चॅपलांविषयी, आम्ही प्रश्न मागवले होते. दापोलीपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या वाचकांनी ते पाठवले, त्यातले नऊ इथे घेतले आहेत. उत्तरं देणाऱ्यांत एक वास्तुरचनाकार आहेत आणि एक चुन्याच्या कामातले गवंडी. दोघांचं जिथं पटलं नाही, तिथं तसं लिहिलं आहे.

प्रश्न : गावाबाहेर टेकडीवर ‘गोऱ्यांची थडगी’ आहेत. तिथं छप्पर उडालेली एक छोटी इमारत आहे, टोकदार कमानींची. गावात तिला चर्च म्हणतात. ते चर्च की दफनभूमीचं चॅपल, हे ओळखायचं कसं? — एक शिक्षक, दापोली तालुका

टोकदार कमानीवरून काहीच ठरत नाही. दाभोळच्या मशिदीलाही टोकदार कमानी आहेत आणि तिचा इंग्रजांशी काडीचा संबंध नाही. कमानी सोडा, जमीन बघा. चर्चमध्ये बाप्तिस्मा होतो. त्याचं दगडी पात्र बहुधा पश्चिमेच्या दाराजवळ, फरशीत पक्क्या बसवलेल्या चौथऱ्यावर असतं. पात्र कुणी उचलून नेलं तरी चौथऱ्याची आणि पाणी जिरण्यासाठी ठेवलेल्या भोकाची खूण राहते. दफनभूमीच्या चॅपलमध्ये बाप्तिस्मा होत नाही, म्हणून ती खूण तिथं सापडत नाही.

मग दारं मोजा. अँग्लिकन (चर्च ऑफ इंग्लंडच्या) दफनविधीत पाद्री शवपेटीला फाटकाशी सामोरा येतो आणि वचनं म्हणत पुढे चालतो. चॅपलमध्ये एखाद-दुसरं स्तोत्र आणि एक वाचन होतं, की सगळे कबरीकडे निघतात. आतला मुक्काम अर्ध्या तासाच्या आतलाच, आणि सगळी इमारत तेवढ्यापुरती बेतलेली. पेटी खांद्यावर घेतलेली माणसं जोडीजोडीनं चालतात, त्यामुळे दाराची मोकळी रुंदी चार फुटांच्या खाली नेऊन भागत नाही. मधली वाटही तेवढीच लागते. अठरा फूट रुंदीच्या खोलीला साडेचार-पाच फुटांचं दार दिसलं, समोर किंवा बाजूला दुसरं तसंच दार दिसलं (आल्या वाटेनं मागे वळावं लागू नये म्हणून ते ठेवत), तर चॅपलची शक्यता बळावते. प्रवचनाचा उंच मंच, सज्जा, मोठी वस्त्रखोली यांच्या खुणा मिळाल्या तर चर्चची.

वेदी कुठल्या बाजूला होती ते भिंती पडल्या तरी कळतं. शेजारच्या कबरींकडे बघा. जुन्या रिवाजानं डोकं पश्चिमेला, पाय पूर्वेला. इमारतीची लांबी त्याच रेषेत असेल तर वेदी पूर्वेच्या टोकाला होती असं धरा. हे लक्षात ठेवा, कारण पुढे एका उत्तरात पश्चिमेची भिंत येणार आहे.

लहान छावणीच्या गावी एकच इमारत दोन्ही कामांना वापरली जाणं अगदी शक्य आहे. नुसत्या भिंतींवर शेवटचा निकाल देऊ नका. रत्नागिरी-सावंतवाडीचं १८८० सालचं गॅझेटिअर आणि मुंबईच्या राज्य पुराभिलेखागारातली बांधकाम खात्याची जुनी कागदपत्रं दोन्ही चाळा.

प्रश्न : इंग्लंडमधल्या दफनभूमींच्या फोटोंत एकसारखी दोन चॅपलं दिसतात, मधे मोठी कमान आणि वर मनोरा. दोन कशाला? — विद्यार्थिनी, रत्नागिरी

पंथांच्या भांडणामुळे, असं थोडक्यात सांगता येईल. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनमधल्या चर्चांची आवारं प्रेतांनी भरून गेली होती. आधी खासगी कंपन्यांनी शहराबाहेर मोठ्या दफनभूमी काढल्या. केन्सल ग्रीन १८३३ सालची. त्यानंतर कॉलऱ्याच्या साथी आल्या आणि १८५२ व १८५३ च्या दफन कायद्यांनी गावोगावी सार्वजनिक दफनभूमी काढायची वाट मोकळी केली. या जमिनीचे दोन भाग पाडत. एक बिशपनं विधिपूर्वक पवित्र केलेला, चर्च ऑफ इंग्लंडच्या लोकांसाठी. दुसरा तसा न केलेला, इतर पंथांसाठी. ज्याचा भाग त्याचं चॅपल.

मधली कमान मात्र सामाईक. शवगाडी थेट तिच्याखाली येऊन उभी राहते, पावसात पेटी न भिजता उतरते, आणि डावीकडे जायचं की उजवीकडे हे तिथं ठरतं. मनोरा आणि घंटा कमानीवर चढवली की एकाच खर्चात दोन्ही पक्षांचं काम भागतं. नीट पाहिलंत तर जुळी दिसणारी ही चॅपलं कित्येकदा अगदी सारखी नसतात. अँग्लिकन बाजूचं कोरीवकाम थोडं अधिक असतं, किंवा ते फाटकातून आधी नजरेला पडेल अशा जागी असतं.

या सगळ्याला अपवादही झाला. लंडनच्या ॲबनी पार्कमध्ये, १८४० साली, वास्तुरचनाकार विल्यम होस्किंग यांनी सर्व पंथांसाठी एकच चॅपल बांधलं. तिथली जमीन पवित्र केलीच नव्हती. शैलीही दरम्यान पालटली. केन्सल ग्रीनचं चॅपल ग्रीक खांबांचं आहे. त्याच्या आत पाण्याच्या दाबावर चालणारा चौथरा आहे, पेटी त्यावरून सावकाश तळघरात उतरते. १८४० नंतर गॉथिकची, म्हणजे टोकदार कमानींच्या शैलीची, लाट आली आणि ग्रीक देवळासारखी दिसणारी इमारत ख्रिस्ती दफनाला शोभत नाही असं मत पसरलं. १८८० च्या कायद्यानं इतर पंथीयांना चर्चच्या आवारातही आपल्या पद्धतीनं दफन करता येऊ लागलं, मग दुसऱ्या चॅपलची निकड ओसरली. त्यातली कित्येक आज पाडलेली आहेत किंवा कुदळ-फावडी ठेवायला वापरतात.

प्रश्न : आमच्याकडच्या कोपेलांना (लहान कॅथलिक प्रार्थनागृहांना) अर्धगोल कमानी आणि गोल वळणाची नक्षी असते, टोकदार काही नसतं. ती जुनी की नवी? — वाचक, वेंगुर्ले

ते घराणंच वेगळं. सिंधुदुर्गातली कॅथलिक कोपेलं गोव्याच्या पोर्तुगीज परंपरेतून आली. अर्धगोल कमान, भिंतीला चिकटलेले सपाट खांब, माथ्यावर शंखासारखी वळणं, वरून चुन्याची पांढरी सफेदी. व्हिक्टोरियन गॉथिक इंग्रज छावण्या आणि मुंबईमार्गे आलं. मुंबईत पाहायचं तर कुलाब्याचं अफगाण चर्च बघा. १८५८ साली त्याचं पवित्रीकरण झालं, उंच मनोरा १८६५ चा. दोन घराण्यांत जुनं-नवं लावता येत नाही. टोकदार कमानीच्या इमारतीला ‘खरी’ आणि कोपेलाला ‘गावठी’ म्हणणारे भेटतात, त्यांच्याकडे लक्ष देऊ नका.

प्रश्न : आमच्या चॅपलची पश्चिमेची तिकोनी भिंत दर पावसाळ्यात गळते. छप्पर दोनदा परतलं, सिमेंट भरलं, डांबर लावलं. तीन भिंती कोरड्या, ही एकच ओली. का? — विश्वस्त, देवगड तालुका

कारण ती पश्चिमेची आहे. वेदी पूर्वेला, म्हणजे मुख्य दार, त्यावरची मोठी खिडकी आणि घंटेची छोटी कमान ही तिन्ही पश्चिमेच्या तिकोनी भिंतीत. इंग्लंडमध्ये हे खपून जातं. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, तोही नैऋत्येच्या वाऱ्यावर आडवा मारणारा. इमारतीची सगळ्यांत जास्त भोकं असलेली बाजू आपण नेमकी पावसाच्या तोंडाशी दिली आहे. आपल्या जुन्या घरांनी पश्चिमेला पडवी काढली, छप्पर खाली ओढलं. गॉथिक नमुन्यात उलट आहे: तिकोनी भिंत छपराच्या वर फूटभर डोकावते आणि तिच्या माथ्यावर दगडी टोपण बसवतात. कौलं भिंतीला नुसती टेकतात. तुमचं पाणी शिरतंय ते या टेकण्याच्या रेषेतून, टोपणाच्या सांध्यांतून, नाहीतर घंटेच्या कमानीच्या बुडातून. कौलं परतून त्यातलं काहीच सुधारत नाही.

कौल आणि भिंत यांच्या रेषेत सिमेंट भरलं की एक-दोन उन्हाळ्यांत चीर पडते. कौल, लाकूड आणि चिरा तिघं वेगवेगळ्या मापानं तापतात, फुगतात, आणि सिमेंट ताठ. चीर केसाएवढी असते, पण आडव्या पावसाला तेवढी पुरते. आत गेलेलं पाणी मग त्याच सिमेंटमुळे बाहेर येत नाही. डांबराचीही तीच गत, वर काळा रंग तेवढा जास्त.

इथं धातूचा पत्रा हवा. शिशाचा चांगला, तांब्याचाही चालेल. ॲल्युमिनियमचा नको, चुन्याला आणि सिमेंटला लागून ते खाल्लं जातं. भिंतीतल्या सांध्याची दर्ज हातछिन्नीनं एक इंच खोल मोकळी करा, पत्र्याची वरची कड तीत दुमडून शिशाच्या पाचरी ठोका आणि वरून चुन्यानं दर्ज भरा. पत्रा भिंतीवर निदान सहा इंच उभा राहावा, खाली कौलाच्या पहिल्या उंचवट्यावरून पलीकडे उतरावा. एक तुकडा पाच फुटांपेक्षा लांब ठेवू नका. शिसं उन्हात लांबतं, लांब तुकडा मधे सुरकुततो आणि सुरकुतीवर फाटतो. तुकड्यांची एकमेकांवरची चढ चार इंच ठेवा आणि काम खालून वर न्या. भिंतीलगत कौलांखाली लपवलेली पन्हळ काढायचा सल्ला कुणी दिलाच तर नको म्हणा. दफनभूमीत झाडं असतात, पहिल्या दोन सरींतच पानांनी ती तुंबते.

टोपणाचे दगड तपासा. ते भिंतीच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच बाहेर आलेले हवेत आणि खालच्या कडेला बोटभर खाच हवी, म्हणजे पाणी भिंतीवरून न ओघळता खाचेशी सुटून पडतं. खाच बुजली असेल तर ती साफ करणं हे या यादीतलं सगळ्यांत स्वस्त काम. टोपण उचलावं लागलंच तर बसवताना खाली शिशाचा पत्रा घालून घ्या. उतारावरचे दगड घसरू नयेत म्हणून पायथ्याला भिंतीत खोल रोवलेला मोठा अडवण-दगड असतो. तो हलला असेल तर आधी तो.

राहिली घंटेची कमान. तिचा तळ सपाट असेल तर तिथं तळं साचतं आणि भिंतीच्या पोटात उतरतं. तळाला बाहेरच्या बाजूला उतार देऊन शिशानं झाका. तिचे दगड जुन्या लोखंडी खिट्ट्यांनी जोडलेले असतात. गंजलं की लोखंड फुगतं आणि दगड फोडून बाहेर येतं. तिथं भेग आणि भेगेतून तांबडा ओघळ दिसतो. खिट्टी बदलताना स्टेनलेस स्टील ३१६ प्रतीचं घ्या. बाजारात सर्रास मिळतं ते ३०४, समुद्राजवळ त्यालाही डाग धरतात.

यावर आमच्यात मतभेद आहे. गवंडी म्हणतात, टोपण काढा, छप्पर तिकोनी भिंतीच्या बाहेर दीड फूट काढा, कटकट मिटवा. वास्तुरचनाकारांना ते नको आहे, कारण मग घंटेची कमान कापावी लागते आणि इमारतीचा चेहराच जातो. दोघांना मान्य असलेला उपाय जुनाच आहे: जूनच्या आधी पश्चिमेच्या भिंतीला बांबूच्या चौकटीवर नारळाच्या झावळांची झापं बांधायची, दसऱ्याला उतरवायची. चौकट भिंतीपासून वीतभर सुटी ठेवा आणि खिळे दर्जेत मारा, चिऱ्यात मारू नका. पत्र्याची कायमची शेड मात्र टाकू नका. भिंत मग पावसानं नाही, तर कोंदटपणानं ओली राहते.

प्रश्न : दफनभूमीत नवीन छोटी प्रार्थनाखोली बांधतोय. खिडक्यांना टोकदार कमान हवी आहे, चिऱ्याची. सुताराला कालबूत (कमान बांधताना खाली धरायचा लाकडी साचा) कसं आखून द्यायचं? — गवंडी, संगमेश्वर

टोकदार कमान म्हणजे दोन वर्तुळांचे दोन तुकडे. मध्य कुठे धरता यावर कमान बसकी की उभट हे ठरतं. तुमची खिडकी ३६ इंच रुंद धरू. जिथून कमान सुरू होते त्या आडव्या रेषेवर डावं टोक आणि उजवं टोक खूण करा.

नेहमीची कमान हवी असेल तर खिळा उजव्या टोकावर ठोका, ३६ इंचांची दोरी घ्या आणि डाव्या टोकापासून वर कंस काढा. मग खिळा डाव्या टोकावर, कंस उजवीकडून. दोन्ही मिळतात तिथं उंची ३१ इंचांना किंचित जास्त भरते. उभट, अरुंद, भाल्यासारखी हवी तर मध्य बाहेर न्या: खिळा उजव्या टोकाच्या पलीकडे ९ इंचांवर, दोरी ४५ इंच. उंची बरोबर ३६ येते, म्हणजे रुंदीएवढी. बसकी हवी तर खिळा टोकाच्या आत ६ इंच, दोरी ३०, उंची साडेसत्तावीस. प्लायवर पूर्ण मापात आखून घ्या. कागदावरचं छोटं चित्र बघून कापलेलं कालबूत टोकाशी हमखास बिघडतं. दोन कंस नीट न मिळता मधे फुगवटा येतो आणि कमान कांद्यासारखी दिसते.

माथ्यावर एकच मोठा चावीचा दगड बसवायचा मोह होतो. गॉथिक कमानीत बहुधा तो नसतो, माथ्यावर उभा सांधा असतो आणि दोन्हीकडचे चिरे एकमेकांवर रेलतात. चिऱ्याच्या बाबतीत हेच बरं. जांभा भोकाभोकांचा, त्याचं अणकुचीदार टोक घडवताना तुटतं. पाचरीसारखे चिरे घडवा, पण अरुंद बाजू चार इंचांपेक्षा कमी होऊ देऊ नका. कडेची बारीक नक्षी चिऱ्यात काढायच्या नादी लागू नका. हवीच असेल तर ती चुन्याच्या गिलाव्यात ओढा किंवा तेवढी पट्टी काळ्या दगडात करून घ्या.

चिरा खाणीतून काढल्यावर मऊ असतो, हवा लागून कडक होतो. कालचा चिरा आज कमानीत घालू नका. बसवण्याआधी पाण्यात भिजवा; कोरडा चिरा मसाल्यातलं पाणी शोषून घेतो आणि चुना पिठासारखा राहतो. सांधा अर्ध्या इंचाच्या आत. दोन्ही बाजू बरोबरीनं वर न्या, एक बाजू आधी पुरी केली तर कालबूत कलतं. चुन्याचं काम असेल तर कालबुताखालच्या पाचरी तीन आठवडे तशाच राहू द्या, मग सगळ्या थोड्या-थोड्या ढिल्या करा. एक दिवस थांबा. कमान बसते तेवढी बसू द्या आणि मगच कालबूत काढा. टोकदार कमान अर्धगोलापेक्षा बाजूला कमी ढकलते, तरी ढकलते. खिडकी आणि भिंतीचा कोपरा यात निदान खिडकीच्या रुंदीएवढी भरीव भिंत ठेवा.

प्रश्न : इंग्रजी चॅपलचं छप्पर उभट असतं. तसंच ठेवून मंगलोरी कौलं घालता येतील का? आतून ३० बाय १८ फूट आहे. किती लागतील? — वाचक, लांजा

येतील. भिंती दीड फुटी धरून बाहेरचं माप ३३ बाय २१ होतं. वळचण दोन्हीकडे दोन-दोन फूट. ४५ अंशांचा उतार ठेवलात तर एका पाखीचा (छपराच्या एका उताराचा) वासा पावणेअठरा फुटांच्या आसपास, दोन्ही पाखी मिळून सुमारे ११६७ चौरस फूट. चौरस मीटरला १५ कौलं धरा, म्हणजे १६२५ च्या आसपास. फुटतुटीला शंभर जादा घ्या. तेच ३० अंशांत केलं तर साडेतेराशेच्या आत भागतं. जुनी तिकोनी भिंत उभी असेल तर हा प्रश्नच उरत नाही, तिचा उतार तोच छपराचा.

उभट छपरावर पाणी झटकन उतरतं हे खरं, पण वारा कौल उचलतो. कौलाच्या मागे तारेसाठी भोकाचा कान असतो, तो उगाच दिलेला नाही. वळचणीच्या दोन ओळी, कोन्यालगतची (माथ्याच्या कौलांलगतची) ओळ आणि तिकोनी भिंतींजवळची सगळी कौलं तांब्याच्या तारेनं रिपेला बांधा, मधली दर तिसरी ओळ. कैचीची (छपराच्या लाकडी सांगाड्याची) टोकं भिंतीत गच्च चिणू नका. लाकडाभोवती बोटभर हवा खेळू दे, नाहीतर टोक कुजतं आणि बाहेरून काही दिसत नाही. दाभणानं टोचून बघायची सवय ठेवा.

कौल उलटं करून कारखान्याचं नाव वाचून इमारतीचं वय काढणारेही आहेत. मंगलोरला बासेल मिशनचा कारखाना १८६५ साली सुरू झाला, तेव्हा त्याआधीच्या इमारतीवर ती कौलं मुळात नव्हती एवढंच म्हणता येतं. कौलं बदलत राहतात.

प्रश्न : भिंतीला लोणा (मिठाचा फुलोरा) लागून गिलावा झडतो, पुन्हा सिमेंटचा करतो, पुन्हा झडतो. — वाचक, मालवण

सिमेंट करायचं थांबवा. जांभा पाणी पितो आणि सोडतो. सिमेंट सोडू देत नाही. ओल वाळताना मीठ गिलाव्याच्या मागे, चिऱ्याच्या तोंडावर खडे धरतं आणि तोंड सोलून काढतं. तुम्ही जितका पक्का गिलावा कराल तितका चिरा खोल सोलेल.

आधी पाणी कुठून येतं ते पाहा. दफनभूमीत भोवतालची जमीन वर्षानुवर्षं पालापाचोळा आणि भरावानं वर येते, जोतं गाडलं जातं. आतल्या फरशीपेक्षा बाहेरची जमीन निदान सहा इंच खाली हवी. मात्र इथं कुदळ बेतानं. भिंतीलगत कबरी असू शकतात, कधी खुणेशिवायच्या. परवानगी घ्या, वरचा भराव तेवढा हातानं काढा, चर खणू नका.

मग गिलावा. सुटलेलं सिमेंट काढा. जे घट्ट आहे आणि ओढलं की चिऱ्याचं तोंड घेऊन येतं, ते सुटेपर्यंत राहू द्या. भिंत एक उन्हाळा उघडी ठेवा, कोरड्या ब्रशनं मीठ झाडा आणि ते सुपलीत गोळा करून लांब टाका. पाण्यानं धुतलं तर परत आत जातं. चुना विझवून निदान तीन आठवडे मुरवलेला, तीन महिने असेल तर उत्तम. एक भाग चुना, अडीच भाग नदीची धुतलेली वाळू. जोत्याजवळ एक भाग चुना, एक सुरखी (विटांची भुकटी), दोन वाळू. किनाऱ्यावरची पुळण फुकट मिळते म्हणून कालवू नका, लोणा लागण्याचं मूळ तेच. दोन थर, प्रत्येक अर्ध्या इंचाच्या आत. ओलं गोणपाट आठ-दहा दिवस. हा गिलावा मीठ स्वतःकडे ओढून झिजतो. दहा वर्षांनी तो बदलायचा, चिरा वाचतो. ‘दहा वर्षंच टिकतो’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी चिऱ्याचा आजचा भाव विचारावा.

काम दिवाळीनंतर सुरू करून मार्चअखेर आटपा. चुन्याला हवेनं घट्ट व्हायला वेळ लागतो. एप्रिल-मेमध्ये केलेलं काम पावसात धुऊन जातं आणि दोष चुन्यावर येतो.

प्रश्न : भिंतीतला पिंपळ उपटला तर दोन चिरे निघून आले. काय करायचं? — वाचक, राजापूर

उपटायचा नाही. बुंधा भिंतीलगत कापा आणि कापल्याबरोबर, चीक सुकायच्या आत, कापावर ग्लायफोसेटचं तणनाशक ब्रशनं लावा. पाऊस नसलेला दिवस निवडा, हातमोजे घाला. एका खेपेत मरत नाही, नवी पानं फुटली की परत. मूळ मेल्यावर सुटे झालेले चिरे उतरवून चुन्यात बसवा. मिठाचं पाणी, ॲसिड, रॉकेल ओतू नका. त्यानं पिंपळाचं फारसं बिघडत नाही, भिंतीचं बिघडतं.

प्रश्न : एका खिडकीत रंगीत काच आहे, ती आतल्या बाजूला पोट आल्यासारखी फुगली आहे. शिवाय मालकी कुणाची ते कळत नाही. शंभर वर्षांची इमारत आपोआप संरक्षित होते ना? — ग्रामपंचायत सदस्य, गुहागर तालुका

काच नव्हे, शिसं थकलंय. काचेचे तुकडे शिशाच्या पट्ट्यांत धरलेले असतात आणि तो पडदा फूट-सव्वा फुटावरच्या आडव्या लोखंडी गजांना तांब्याच्या तारेनं बांधलेला असतो. तारा तुटल्या की वाऱ्याच्या धक्क्यानं पडदा हलतो आणि फुगतो. फुगवटा इंचाच्या आत असेल तर नव्या तारा बांधून थांबता येतं. जास्त असेल तर पडदा उतरवून नव्या पट्ट्यांत घालावा लागतो, ते जाणत्या कारागिराचं काम. हातानं दाबून सरळ करू नका, काच फुटते. फटींत इपॉक्सी भरू नका. खडूची पूड आणि जवसाच्या तेलाची लांबी (पुटी) भरतात, ती पुढे काढता येते. गजांची टोकं गंजून चौकटीचा दगड फोडतात, तेही याच वेळी बघून घ्या. बाहेरून पॉलिकार्बोनेटचा पत्रा लावणार असाल तर काचेपासून इंचभर सुटा आणि वर-खाली उघडा ठेवा, नाहीतर आत पाणी धरतं.

शंभर वर्षं झाली म्हणजे इमारत आपोआप संरक्षित होत नाही. केंद्राचा १९५८ चा कायदा असो की राज्याचा १९६० चा, अधिसूचना निघावी लागते. मालकीसाठी आधी सातबारा काढा. जागा नगर भूमापनाच्या हद्दीत असेल तर मिळकत पत्रिका. अँग्लिकन मंडळी १९७० साली चर्च ऑफ नॉर्थ इंडियात सामील झाली, तेव्हा तिथल्या धर्मप्रांताकडे विचारा. ट्रस्ट असेल तर धर्मादाय आयुक्तांकडे नोंद सापडेल. कबरींची नावं लावायची असतील तर मुंबई इलाख्यातल्या दफननोंदींच्या प्रती लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. दक्षिण आशियातल्या अशा दफनभूमींसाठी १९७६ पासून ब्रिटिश असोसिएशन फॉर सिमेटरीज इन साउथ एशिया ही संस्था काम करते, ती लहान दुरुस्त्यांना मदतही देते. तिला पत्र लिहिताना खिडकीचा एक फोटो आतून, एक बाहेरून आणि एक बाजूनं काढून जोडा. फुगवटा समोरून काढलेल्या फोटोत दिसत नाही.